यू०१२१ : एबीएस मधूनच 'गायब' होतं, इंजिन चालूच राहतं. मॉड्यूल बदलू का?

कातळशिल्प
६ जुलै, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. गाडी २०१७ ची डिझेल हॅचबॅक, १ लाख १२ हजार किमी. मुक्काम रत्नागिरीजवळ. मृगाच्या पहिल्या सरीपासून एक भूत मागे लागलंय. चालत्या गाडीत एकाएकी डॅशबोर्डवर दिवाळी. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), हँडब्रेकचा लाल, स्टेअरिंगचा पिवळा, सगळे दिवे एकदम. वेगाचा काटा शून्यावर. इंजिन मात्र काही झालंच नाही अशा थाटात चालू. थोड्या वेळाने काटा परत येतो, दिवे जात नाहीत. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की सगळं जागच्या जागी. कधी दोन दिवस काही नाही, कधी बाजारात जाऊन येईपर्यंत तीनदा.

सर्व्हिस सेंटरला नेली. स्कॅनर लावून कागद हातात दिला. इंजिन, बॉडी कंट्रोल आणि स्टेअरिंग, तिघांच्याही मॉड्यूलमध्ये (कंट्रोलच्या डब्यांत) यू०१२१ हा फॉल्ट कोड. एबीएस मॉड्यूल स्कॅनरला एकदा सापडलं, एकदा नाही. निदान : एबीएस मॉड्यूल गेलंय, पंपासकट बदला, ४८ हजार. इलेक्ट्रिकल पार्ट परत घेत नाहीत. मी विचारलं, बदलून फरक पडला नाही तर? तर म्हणे, मग वायरिंग बघू.

हा क्रम उलटा नाही का? माझा धंदा मोटर रिवाइंडिंगचा. मल्टिमीटर हाताशी आहे, गाडीतलं मात्र ओ की ठो कळत नाही. कुठून सुरुवात करू?

चहाबिस्कीट
६ जुलै, रात्री १०:५५

वाचतोय. माझ्याही गाडीला हाच आजार होता, विकून टाकली.

सुसाट_८८
६ जुलै, रात्री ११:०२

बॅटरीची वायर काढून दहा मिनिटांनी लावा. सगळं रीसेट होतं. शंभरातल्या नव्वद गाड्यांना हाच उपाय.

वायरतंटा
६ जुलै, रात्री ११:३०

सुसाट, बॅटरी काढली की कोड जातील, आजार तिथंच राहील. उलट हातातला पुरावा पुसला जाईल.

कातळशिल्प भाऊ, कोल्हापुरात बावीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. यू०१२१ चा अर्थ 'एबीएस खराब' असा नाही. 'एबीएसचं बोलणं मला ऐकू येत नाही' एवढाच. आणि हे म्हणणारे तिघं आहेत, ज्याच्याबद्दल बोलतायत तो एबीएस काहीच म्हणत नाही. जेवायच्या वेळी घरातले तिघं म्हणाले, थोरला आला नाही, तर लगेच थोरल्याला दवाखान्यात नेता का? झोपला असेल, दाराला बाहेरून कडी असेल, वाटेत चिखलात रुतला असेल.

आधी त्याचं जेवण बघा, म्हणजे प्लस आणि अर्थ. मग वाट, म्हणजे कॅनच्या दोन वायरी, ज्यांवरून मॉड्यूल एकमेकांशी बोलतात. मॉड्यूल सगळ्यात शेवटी. ४८ हजारवाले शेवटून सुरू झालेत.

अर्धवट_अभियंता
७ जुलै, सकाळी ८:१५

वायरतंटा दादांना +१. मी पुण्यात मॉड्यूलचं सॉफ्टवेअर लिहिते, त्यामुळे पलीकडच्या बाजूने थोडं सांगते.

गाडीतली मॉड्यूल एकाच जोड-वायरीवर बोलतात, कॅन-हाय आणि कॅन-लो. बॉशने १९८६ मध्ये ही पद्धत जाहीर केली. त्याआधी प्रत्येक सिग्नलला स्वतंत्र वायर लागायची. कोणी कोणाला फोन लावत नाही. प्रत्येक जण आपली माहिती ठरावीक मिलिसेकंदांनी सगळ्यांसमोर ओरडत राहतो आणि ज्याला हवी तो ऐकतो. चाकांचा वेग एबीएस ओरडतं. इंजिन, स्टेअरिंग, डॅशबोर्ड सगळे त्याच्यावर अवलंबून. ते गप्प झालं की काटा शून्यावर येणार आणि स्टेअरिंगचा दिवाही लागणार. म्हणजे तुमचे सगळे दिवे मिळून एकच तक्रार आहे.

इंजिन बंद पडत नाही, डॅशबोर्डवर बाकी माहिती येते, याचा अर्थ बस, म्हणजे ही सामायिक जोड-वायर, जिवंत आहे. दोन वायरी एकमेकींना चिकटल्या असत्या तर सगळेच मुके झाले असते.

मोजमाप असं करा. बॅटरीची मायनस काढून दहा मिनिटं थांबा. स्टेअरिंगखालच्या १६ पिनांच्या ओबीडी सॉकेटमध्ये (स्कॅनर लावतात तिथे) ६ नंबर आणि १४ नंबर यांमधला रेझिस्टन्स घ्या. बसच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. दोन्ही समांतर, म्हणून ६० च्या आसपास आला पाहिजे. १२० आला तर एक टोक तुटलंय. शून्याजवळ आला तर दोन्ही वायरी एकमेकींना टेकल्यात.

एक सूचना. पिवळे कपलर (वायरींचे जोड-प्लग) दिसले तर त्यांना हात लावू नका आणि मीटर तर मुळीच लावू नका. ती एअरबॅगची लाइन आहे.

कातळशिल्प
७ जुलै, संध्याकाळी ७:२०

मोजलं. ४७ आला. परत लावला तर ८१. परत उणे काहीतरी. माझा मीटर साहेबी नाही, पण इतका वेडाही नाही.

वायरतंटा
७ जुलै, संध्याकाळी ७:३१

बॅटरी काढलीत का?

कातळशिल्प
७ जुलै, संध्याकाळी ७:३३

चावी काढली होती. बॅटरी नाही.

अर्धवट_अभियंता
७ जुलै, संध्याकाळी ७:५०

तेच. चावी काढल्यावरही मॉड्यूल बराच वेळ जागी असतात, आपसात गप्पा चालू असतात. चालू मोटरच्या वाइंडिंगला ओहम लावल्यासारखं झालं. :)

कातळशिल्प
७ जुलै, रात्री ९:०५

लाज काढलीत. मायनस काढून पंधरा मिनिटं थांबलो. ६०.८, ढिम्म हलत नाही.

मग मायनस परत लावून, चावी ऑन करून व्होल्ट घेतले. काळी प्रोब बॅटरी मायनसला. ६ नंबरवर २.६८, १४ नंबरवर २.३३.

सुसाट_८८
७ जुलै, रात्री ९:१२

म्हणजे वायरिंग ओके. मॉड्यूलच गेलंय. सर्व्हिस सेंटर बरोबर होतं.

अर्धवट_अभियंता
७ जुलै, रात्री ९:४०

घाई नको. ६०.८ वरून इतकंच कळतं की बसचा मुख्य कणा अखंड आहे. एबीएस कण्याच्या टोकाला नसेल तर त्याची फांदी पूर्ण तुटली तरी ओबीडीवर ६० च दिसेल.

व्होल्ट छान आहेत. गप्प असताना दोन्ही वायरी अडीच व्होल्टवर असतात. बोलताना हाय साडेतीनकडे चढते आणि लो दीडकडे उतरते. मीटर सरासरी दाखवतो, म्हणून एक अडीचच्या थोडी वर, दुसरी थोडी खाली. बेरीज ५.०१. एखादी वायर अर्थला किंवा १२ व्होल्टला चिकटली असती तर ही बेरीज लगेच बिघडली असती.

(नव्या गाड्यांत ओबीडी सॉकेट आणि बाकीची बस यांच्या मध्ये गेटवे, म्हणजे निरोप इकडून तिकडे नेणारं मॉड्यूल, असतो. तिथे ६ आणि १४ वर ६० आला तरी तो गेटवेपर्यंतच्या तुकड्याचा. तुमच्या गाडीत हा प्रश्न नसावा, पण हा धागा पुढे कोणी वाचेल म्हणून लिहिते.)

आता एबीएसच्या कपलरवर जा.

गाडीलोहार
७ जुलै, रात्री १०:२०

चांगला धागा. माझा अनुभव टाकतो, साताऱ्यात गॅरेज आहे.

एक पिकअप आली होती, पुढून ठोकलेली. पत्रा-पेंटिंग दुसरीकडे झालेलं. सेल्फ फिरतो, स्टार्ट नाही. ज्या मॉड्यूलमध्ये शिरावं तिथं यू०१००, म्हणजे इंजिनचा ईसीएम (कंट्रोल मॉड्यूल) ऐकू येत नाही. मालकाने जुन्या बाजारातून ईसीएम आणून ठेवलेला, 'फक्त बसवा' म्हणाला. मी ओहम घेतला, १२१. त्या गाडीत एक टर्मिनेटर, म्हणजे टोकाचा १२० ओहमचा रेझिस्टर, ईसीएमच्या आत असतो. म्हणजे ईसीएम असूनही बसला तो दिसत नव्हता. कपलर काढला, टॉर्च मारला. एक पिन बाकीच्यांपेक्षा दोन-तीन मिलिमीटर आत. पेंटिंगवाल्याने कपलर बसवताना लॉक न लागलेली पिन मागं ढकलली गेली होती. बाहेरून कपलर टक्क बसलेला, दिसायला एकदम ओके. पिन पुढं ओढली, लॉक केली, ६०. हाफ सेल्फमध्ये स्टार्ट. मालक अजून तो जुना ईसीएम गळ्यात बांधून फिरतोय.

उलटा प्रकारही बघितलाय. ४० ओहम. कोणीतरी टर्मिनेटरवालं मॉड्यूल चुकीच्या जागी बसवलं की तीन रेझिस्टर समांतर होतात. गाडी चालते, पण मधूनच झटके देते.

आणि कृपा करून वायरीच्या इन्सुलेशनमध्ये टाचणी खुपसून मोजू नका. कपलरच्या मागून बारीक पिन सरकवा. टोचलेल्या जागी पाणी शिरतं आणि पुढच्या पावसाळ्यात तांबं हिरवं झालेलं असतं. कोकणात तर नक्कीच.

मिशिगनकर
८ जुलै, पहाटे ३:१०

इकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. आमच्याकडे यू कोड आला की मेकॅनिक आधी गाडीखालचे अर्थचे बोल्ट बघतो. तुमच्याकडे मिठाचं काम समुद्राची हवा करत असेल.

कातळशिल्प
८ जुलै, रात्री ८:४५

आज दुकान लवकर बंद केलं. बॅटरी काढून एबीएसचा कपलर सोडवला (बॅटरीच्या खाली आणि मागे, बोटं सोलली). वायरिंगच्या बाजूने कॅनच्या दोन पिनांमध्ये ६०.९. म्हणजे वाट इथपर्यंत शाबूत, बरोबर ना? पिना सरळ, आत गंज नाही, पाणी नाही.

मग बॅटरी लावून प्लस तपासले. जाड दोन्ही वायरींवर १२.४, चावी ऑन केल्यावर बारीक वायरीवरही १२.४. अर्थच्या दोन जाड काळ्या वायरी आहेत, कंटिन्युइटीवर दोन्हीला बीप.

म्हणजे जेवण आहे, वाट आहे, तरी थोरला बोलत नाही. ४८ हजारांची तयारी करू का? बायकोला अजून आकडा सांगितलेला नाही.

सुसाट_८८
८ जुलै, रात्री ८:५०

मी आधीच म्हटलं होतं.

वायरतंटा
८ जुलै, रात्री ९:१५

भाऊ, तुमच्या धंद्यात बीपवर मोटर पास करता का?

मल्टिमीटरचा बीप वीस-तीस ओहमपर्यंतही वाजतो. आणि १२.४ दाखवायला मीटरला करंट लागतच नाही. वायरीची एक तार जरी उरली तरी १२.४ दिसणार. जाड वायरीला लोड देऊनच बघायचं. हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब घ्या, दोन वायरी जोडा. एक टोक फ्यूज लावून बॅटरी प्लसला, दुसरं कपलरमधल्या त्या काळ्या वायरीच्या पिनेला. बल्ब लख्ख लागला तर अर्थ पास.

कातळशिल्प
८ जुलै, रात्री ९:२२

अहो हा तर आमचा सिरीज बोर्ड! रोज शंभर वॅटच्या बल्बवर मोटरी तपासतो आणि गाडीत बीप ऐकून खूश झालो. उद्या करतो.

अर्धवट_अभियंता
८ जुलै, रात्री ९:५८

एक विचारायचं राहिलं. दिवे लागतात तेव्हा गाडी नेमकी काय करत असते? वेग, ब्रेक, वळण, खड्डा?

कातळशिल्प
८ जुलै, रात्री १०:३०

आता विचारलंत म्हणून आठवतंय. बहुतेक वेळा घरून निघाल्यावर लगेच. आमच्या वाडीच्या चढावर दुसरा गिअर पडला की. २० च्या आसपास बॉनेटखाली 'टर्र' असा बारीक आवाज येतो, तो गाडी नवी असल्यापासून येतो. हल्ली तो आवाज अर्धवट येतो आणि दिवे लागतात. एकदा चिखलात ब्रेक दाबला, पेडल थरथरलं, तेव्हाही लागले होते.

अर्धवट_अभियंता
८ जुलै, रात्री १०:४१

सापडलं बहुतेक!

तो 'टर्र' म्हणजे एबीएसची स्वतःची चाचणी. बऱ्याच गाड्यांत निघाल्यावर ठरावीक वेग आला की पंपाची मोटर क्षणभर फिरवून बघतात. चिखलात पेडल थरथरलं तेव्हाही तीच मोटर फिरत होती. म्हणजे मोटर करंट खेचते त्या क्षणी मॉड्यूलचा जीव जातो. एरवी त्याला फार थोडा करंट लागतो, तेवढा खराब अर्थमधूनही मिळतो. मोटर फिरली की व्होल्टेज कोसळतं, मॉड्यूल रीसेट होतं, तोवर बाकीचे तिघं 'ऐकू येत नाही' असं लिहून मोकळे होतात. मॉड्यूल उठून परत बोलायला लागतं, म्हणून काटा परत येतो. दिवे मात्र चावी बंद करेपर्यंत राहतात.

मॉड्यूलच्या आतली मोटर अडकत असेल हीसुद्धा शक्यता आहे. पण आधी दादांचा बल्ब.

वायरतंटा
८ जुलै, रात्री ११:००

ताई, हे मला सुचलं नव्हतं. मी बल्ब लावून पोचलो असतो, पण आवाजावरून नाही.

अर्धवट_अभियंता
८ जुलै, रात्री ११:०६

आणि मी ऑसिलोस्कोप आणायला सांगणार होते, त्यात या गाडीच्या दोन्ही लाटा अगदी सुबक दिसल्या असत्या. :)

कातळशिल्प
९ जुलै, रात्री ९:३५

मंडळी, बसून वाचा.

५५ वॅटचा बल्ब, कपलर काढलेला. आधी दोन्ही प्लस तपासले, बल्ब डोळे दिपतील असा. मग अर्थच्या पिनेला लावला. आतली तार फक्त लालसर दिसली, विडीच्या टोकासारखी. बल्ब लागलेला असताना त्या पिनेपासून बॅटरी मायनसपर्यंत व्होल्ट घेतले, ६.९! बारातले सात व्होल्ट अर्थच्या वायरीतच जात होते. दुसऱ्या काळ्या वायरीचंही तेच.

दोन्ही काळ्या वायरी हार्नेसमधून खाली जातात. बॅटरी काढली, ट्रे काढला. ट्रेखाली चॅसिसवर एक बोल्ट, त्यावर थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेलं धातूचं कडं). वरून बोल्ट चकचकीत. थिंबल फिरवून बघितलं तर खालून पांढरी-हिरवी भुकटी, आणि वायर जिथे दाबलेली असते तिथे इन्सुलेशन फुगलेलं. नुसतं ओढलं तर अर्धी वायर हातात आली. तांब्याच्या तारा काळ्या पडून मोडलेल्या, धडधाकट अशा सहा-सात मोजल्या. बाकी भुसा.

कारणही दिसलं. मे महिन्यात बाहेरून बॅटरी बदलली होती. ट्रेच्या तळाला पाणी निघायला भोक आहे. त्यात जुन्या बॅटरीच्या स्टिकरचा तुकडा अडकलेला. पाणी ट्रेमध्ये साठून कडेवरून नेमकं त्या बोल्टवर पडत होतं. कोड नाही, मॉड्यूल नाही, स्टिकर.

गाडीलोहार
९ जुलै, रात्री ९:४४

😂 स्टिकरची किंमत ४८ हजार. फोटो टाका.

थिंबल नीट बसवा. वायर चांगलं तांबं लागेपर्यंत मागे छाटा, काळ्या तांब्याला डाख धरत नाही. पक्कडीने चेपू नका, क्रिम्पिंग टूलने दाबा. वर गोंदवाली हीट-श्रिंक. चॅसिसवर जिथे थिंबल टेकतं तिथला रंग काचपेपरने घासून चकचकीत पत्रा काढा. बोल्ट आवळून झाल्यावर वरून ग्रीस, आधी नाही.

वायरतंटा
९ जुलै, रात्री ९:५०

आणि वायर आखूड पडली तर जोड तिथे पाण्यात देऊ नका, वर कोरड्यात द्या. कॅनची वायर कधी जोडायची झाली तर तिचा पीळ शक्य तितका तसाच ठेवायचा. बाहेरून येणारी खरखर पिळामुळे दोन्ही वायरींत सारखीच शिरते आणि मॉड्यूल फक्त दोघींतला फरक बघतं. माझ्याकडे एक गाडी आली होती, कॅनच्या दोन वायरी दोन वेगळ्या बाजूंनी फिरवून टेप मारलेल्या. हॉर्न दाबला की डॅशबोर्ड नाचायचा.

मिशिगनकर
१० जुलै, पहाटे ४:००

मीठ नाही, स्टिकर. नोंद घेतली.

कातळशिल्प
१३ जुलै, रात्री ८:१०

उशिरा लिहितोय, आधी नीट चालवून बघितली.

नवं तांब्याचं थिंबल, क्रिम्प, श्रिंक, सगळं सांगितल्याप्रमाणे. सामान मिळून सत्तर रुपये, त्यात श्रिंकच महाग. त्याच बल्बवर अर्थचा ड्रॉप ६.९ वरून ०.०४ व्होल्ट. कोड पुसले. वाडीचा चढ, दुसरा गिअर, २०, 'टर्र' पूर्ण आणि खणखणीत. काल साखरप्यावरून आंबा घाट चढून मलकापूरपर्यंत जाऊन आलो, भर पावसात. एकही दिवा नाही. ओळखीच्याचा स्कॅनर लावला, चारही मॉड्यूल सापडतात, कोड शून्य.

सर्व्हिस सेंटरमधून फोन आला होता, पार्ट मागवायचा का म्हणून. नको म्हटलं. 'वायरिंगमध्ये निघालं का?' असं त्यानेच विचारलं. म्हणजे त्यालाही संशय होता तर.

वायरतंटा भाऊ, अर्धवट ताई, गाडीलोहार, सगळ्यांचे आभार. सुसाट, तुमच्यावर राग नाही.

सुसाट_८८
१३ जुलै, रात्री ८:२५

माझ्या गाडीत परवापासून एसी आपोआप बंद पडतोय. वेगळा धागा काढू का इथेच विचारू?

वायरतंटा
१३ जुलै, रात्री ८:३१

वेगळा काढा. आणि बॅटरी काढू नका.